मोटरचा पाय

माझ्या मावशीला कारखान्यात सगळे मोटर म्हणायचे. हजेरी घेणारा सुद्धा मोटर आली का असंच विचारायचा. पत्र्याची लांबलचक शेड, आत शिलाई मशिनींच्या दोन रांगा, आणि खिडकीकडच्या रांगेतली पहिली मशीन तिची. तिच्या मागची माझी. म्हणजे शाळा सोडल्यापासून मी रोज तिची पाठ बघत आलेय. शाळा सोडली तेव्हा ती मला रागावली नाही, समजावत बसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धरून नेलं, मशीनवर बसवलं आणि म्हणाली, डोकं चालत नाही ना, मग पाय चालव.

आई गेल्यापासून मी तिच्याकडेच आहे. माझी आई तीच, बाप तीच. घरात आरडाओरडा करायला कुणीतरी पुरुष लागतो म्हणतात, ते काम मी करते. मला एका जागी बसवत नाही म्हणून ती मला भिंगरी म्हणते. आमच्या घरात मोटर आणि भिंगरी राहतात, मग घर कसं असेल ते समजून घ्या. चहा उभ्यानेच प्यायचा. जेवताना एकीचं लक्ष घड्याळाकडे, दुसरीचं दाराकडे.

आता पायडलचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. कारखान्यातल्या मशीनला खाली मोटर असते आणि पायाखाली लोखंडी पायडल. पंजाने जरा दाबलं की सुई हळू चालते. पूर्ण दाबलं की सुई दिसतच नाही, नुसती चकाकणारी रेघ दिसते. हात कापड फिरवतात, पण शिवण कशी येणार ते पाय ठरवतो. सरळ पट्टी असेल तर सोडायचं मोकाट. वळण आलं की पाय हलका करायचा. मावशी कॉलर शिवायची, आणि कॉलर म्हणजे सगळी वळणंच.

गेल्या वर्षी तिचा वेग वाढला. ज्या वयात बायका चष्मा लावून सुईत दोरा शोधत बसतात, त्या वयात ती सगळ्यांच्या पुढे गेली. मास्तर, म्हणजे आमचा कटिंग मास्तर, कापडाचं टेबल सोडून तिच्याजवळ येऊन उभा राहायचा आणि नव्या पोरींना म्हणायचा, बघा, शिका काहीतरी, तुमच्या आया या वयात गुडघे धरून बसतात. मावशी वर न बघता हसायची. मी मागे बसून अभिमानाने फुगायचे. एकजण म्हणाली, मोटरबाई काहीतरी गोळी खाऊन येते, तर मी जेवणाच्या सुट्टीत तिच्या डब्यावर पाणी ओतलं. माझ्या मावशीबद्दल कुणी बोललेलं मला खपत नाही. तिचं चुकलं असेल तरी खपत नाही.

वळणावर तिची शिवण सुटायला लागली होती. ती उसवायची आणि पुन्हा शिवायची. वेगच इतका होता की उसवूनही ती पुढेच असायची, म्हणून कुणी काही म्हटलं नाही. मग एकदा सुई तिच्या बोटातून नखासकट आरपार गेली. मी धावत गेले. ती बोट बघतच नव्हती. खाली वाकून पायडलकडे बघत होती आणि म्हणत होती, मी पाय उचलला होता गं, उचलला होता. घाबरून काहीतरी बोलतेय असं आम्हाला वाटलं. बोटाला पट्टी बांधली, पाणी पाजलं, ती परत कामाला बसली.

त्यानंतर एका दुपारी तिने जेवताना चप्पल काढली आणि तळव्यात सुईचा तुकडा दिसला. मोडलेली सुई जमिनीवर पडलेली असणार, ती चपलेतून वर आली होती. कधीची, कोण जाणे. चपलेचा तळ आतून लाल झालेला. मावशी हसली आणि म्हणाली, बघ, आता पायाला चप्पल शिवून टाकली, हरवायची भीती नाही. मीही हसले. मग तिने पकड घेतली आणि तो तुकडा ओढून काढला. आणि तेव्हा माझं हसू गेलं, कारण मशीनमधली दोऱ्याची बॉबिन बदलताना तिचा चेहरा जसा असतो, अगदी तसाच तेव्हा होता. तळवा मी माझ्याकडे वळवला. पंज्याच्या फुगवट्याखाली, जिथे पायडल लागतं तिथे, एक भोक होतं. ते सुईचं नव्हतं. जुनं होतं, कडा पांढऱ्या झालेल्या, आणि वास येत होता.

दवाखान्यात डॉक्टरने तिला डोळे मिटायला सांगितलं. हातात नायलॉनच्या दोऱ्यासारखं काहीतरी होतं, ते तळव्याला लावीन, लागलं की हो म्हणा, असं म्हणाला. मग त्याने लावायला सुरुवात केली. अंगठ्याला लावलं, फुगवट्याला लावलं, टाचेला लावलं. मावशी डोळे मिटून शहाण्या मुलीसारखी बसलेली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "डॉक्टर, सुरू करा की."

डॉक्टरने तो दोरा टेबलावर ठेवला. मी खिडकीकडे बघत राहिले.

मग त्याने सांगितलं. रक्तात साखर आहे, आज-कालची नाही, कित्येक वर्षांची आहे, आणि तिने तळपायाच्या नसा खाल्ल्यात. पायाला आता काही कळत नाही. हे ऐकताना माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. पायाला पायडल कळतच नव्हतं. किती दाबलंय ते त्याला समजत नव्हतं म्हणून तो पूर्ण दाबत होता. तिचा वेग वाढलेला नव्हता. वर्षभर मास्तर जे पोरींना दाखवत होता, मी ज्याच्यावर फुगत होते, तो तिचा पाय मरत होता.

डॉक्टर म्हणाला, या पायावर अजिबात भार द्यायचा नाही. बसून राहायचं. जखम भरली तर भरली, नाहीतर कापावा लागेल. मी विचारलं कुठून, तर त्याने घोट्याच्या वर आपला हात सुरीसारखा आडवा धरला. मावशीने तो हात नीट बघितला. मग विचारलं, "मग मी पायडल कशाने दाबू?"

आमची एकच खोली. एका बाजूला ओटा, एका बाजूला तिची लोखंडी खाट, पलीकडे मोरी. मोरीपर्यंत जायला चार पायांचा वॉकर आणला, एका पायावर उड्या मारत जायचं. बाकी दिवसभर खाटेवर, पाय उशीवर. माझ्या कमाईत दोघींचं भागत होतं, तो प्रश्न नव्हता. प्रश्न होता तिला बसवण्याचा.

तिला बसताच येईना. शांत बसली की तिला एकेक करून सगळं दुखायला लागलं. खांदा दुखला. मग कंबर. मग दाढ, जी म्हणे कधीच दुखली नव्हती. ती मला म्हणाली, काल-परवापर्यंत मला काही नव्हतं, या डॉक्टरने काहीतरी केलं. मी म्हटलं, होतं सगळं, तुला ऐकायला फुरसत नव्हती. तिला भूक लागल्याचं कळायचं नाही. इतकी वर्षं कारखान्याची घंटा झाली की खाल्लं, घंटा झाली की संडासला गेली. आता घंटा नाही. दुपारी हात थरथरायला लागले, घाम फुटला, तरी तिला कळेना की पोटात काही नाही. मी चिडून विचारलं, पोट सांगत नाही का तुला? ती म्हणाली, सांगत असेल, पण मला त्याची भाषा येत नाही.

ती गयावया करायला लागली. एक तास सोड मला, उजव्या पायाने दाबत नाही, डाव्याने दाबीन. मोटरबाई, जिच्यासमोर मास्तर आवाज चढवायचा नाही, ती मला हात जोडत होती. मला ते बघवेना. म्हणून मी कारखान्यातून हुक लावायचं काम घरी आणलं. ब्लाउजांना हुक, बसल्या बसल्या हाताने लावायचे. ती जरा निवळली. वाटलं, निभावलं.

पुढच्या ड्रेसिंगला सिस्टरने पट्टी सोडली तर आत ताजं रक्त. सिस्टर म्हणाली, "बाई, तुम्ही चालताय." मावशी म्हणाली, नाही. सिस्टर म्हणाली, जखम खोटं बोलत नाही. त्याच्या पुढच्या वेळेला पुन्हा रक्त, भोक आणखी खोल, आणि करंगळी निळी पडत चाललेली. सिस्टर माझ्यावर घसरली, घरात माणूस आहे की नाही बघायला. मी तिला तिथेच चार शब्द सुनावले. पण घरी आल्यावर दार लावून मी मावशीवर तुटून पडले. कुठे जातेस मी गेल्यावर, कुणाला भेटायला जातेस, मास्तरला वेग दाखवायला जातेस का? ती म्हणाली, तुझी शपथ. मी म्हटलं, माझी शपथ घेऊ नकोस, मला अजून जगायचंय.

खरं म्हणजे मलाही पटलं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी निघताना मी शिंप्याचा पांढरा खडू ठेचून त्याची भुकटी खाटेभोवती आणि मोरीपर्यंत पसरली. ती बघत होती. म्हणाली, आता मी चोर झाले.

मी घरी आले तेव्हा भुकटीत वॉकरचे ठसे होते आणि डाव्या पायाचे. उजव्याचा एकही नाही. आणि पट्टी ओली होती.

तिने खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. खोटं थांबवता येतं. मी खडूच्या भुकटीत उकिडवी बसले. ती न चालता पाय फाटत होता.

डॉक्टर म्हणाला, करंगळी गेल्यातच जमा आहे. पुढच्या वेळी जखम अशीच असली तर मी थांबणार नाही, विष वर चढतंय. मावशीने मान हलवली. बाहेर आल्यावर रिक्षात तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की माझ्या बोटांचं रक्त थांबलं. मी हात सोडवला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला गेलेच नाही. ओट्याला टेकून जमिनीवर बसले आणि तिच्याकडे बघत बसले. ती हुक लावत होती. सुई आत, दोरा बाहेर, गाठ. सुई आत, दोरा बाहेर. आणि माझं लक्ष तिच्या पायाकडे गेलं.

उशी सरकलेली होती. पट्टी बांधलेला पंजा खाटेच्या पायथ्याच्या लोखंडी गजाला टेकलेला, आणि तो दाबत होता. सुई आत गेली की दाबायचा. गाठ मारताना हलका व्हायचा. नवा हुक घेतला की पुन्हा, जोरात. तिचे हात शिवत होते म्हणून पाय पायडल मारत होता. दिवसभर, कित्येक दिवस.

"मावशी, पाय काय करतोय तुझा?"

"काय करणार, पडलाय," ती म्हणाली, वर न बघता.

मी उठून हुकांचं कापड तिच्या हातातून काढलं आणि बोट दाखवलं. तिने बघितलं. पाय अजून चालूच होता. तिने बघितल्यावर जरा वेळाने थांबला, चोर पकडल्यासारखा. ती माझ्याकडे वळली, तर परत सुरू. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. शेजारच्याच्या पोराला आपल्या घरात काहीतरी फोडताना बघावं, तशी ती आपल्या पायाकडे बघत होती. "हा माझ्या मागे काम करतोय," ती म्हणाली. मग तिने मुठीने मांडीवर मारायला सुरुवात केली. मी हात धरले. तिने जोर लावला, आणि तिच्यात अजून किती जोर आहे ते मला कळलं.

"कापू दे त्याला. ऐकत नाही तर ठेवायचा कशाला?"

"मी तरी कुठे ऐकते? मला कापलंस का तू?"

ती रडायला लागली. आईच्या वेळी सुद्धा ती रडली नव्हती. तेव्हा दुसऱ्याच दिवशी मशीनवर बसली होती, मला आठवतंय.

मी खाट फिरवली, गज भिंतीकडे केला, तिचं डोकं त्या बाजूला घेतलं, तर पाय उशीतच दाबायला लागला. पाय बांधून ठेवू का म्हणून दवाखान्यात विचारून आले, तर सिस्टर म्हणाली, बांधलात तर रक्त थांबेल, मग करंगळी एकटी जाणार नाही. मग उरलं काय? मी खाटेच्या टोकाला मांडी घालून बसले आणि तिचा पाय मांडीवर घेतला. घोटा हाताने धरून ठेवला. हुक बंद केले, कारण हाताला काम दिलं की पाय लगेच सुरू व्हायचा. रेडिओ बंद केला, गाण्याच्या ठेक्यालाही तो दाबायचा. तिला काही करायचं नाही आणि मला हलायचं नाही. तुम्हाला वाटेल यात काय मोठंसं. माझ्यासारखीला विचारा. मला वाटायचं मी किंचाळेन आणि जिन्यावरून खाली पळत सुटेन. ती छताकडे बघायची, मी तिच्या नखांकडे. सकाळची दुपार व्हायला जन्म लागायचा.

असं बसल्यावर एक कळलं. पाय दाबायच्या आधी तिची पोटरी कडक व्हायची. क्षणभर आधी. पंज्याला काही कळत नव्हतं, पण पोटरी जिवंत होती. मी तिचा हात घेऊन पोटरीवर ठेवला. विचारलं, इथे कळतंय? ती म्हणाली, कळतंय. मग इथे लक्ष ठेव. इथे ताणलं की सोडायचं. ती म्हणाली, सोडायचं म्हणजे काय करायचं? मला सांगता येईना. मी म्हटलं, वळण आलंय असं समज.

सुरुवातीला तिला एकदाही जमलं नाही. पाय दाबून व्हायचा आणि मग ती म्हणायची, आता ताणलं. मी चिडायचे, ती चिडायची. एकदा माझाच पाय बधिर झाला, मी तोंड वाकडं केलं. तिने विचारलं, काय झालं. म्हटलं, मुंग्या आल्यात. ती म्हणाली, कशा येतात सांग. मी म्हटलं, मुंग्या गं, कधी आल्या नाहीत का तुला? आल्यात, ती म्हणाली, पण आता आठवत नाहीत, सांग ना. मग मी सांगत बसले. आधी पाय लाकडाचा होतो, मग आत सोडावॉटर फसफसल्यासारखं होतं, मग टोचतं, मग ऊब येते. एखादीने दुसरीच्या माहेरच्या गोष्टी ऐकाव्यात तशी ती ऐकत होती.

मास्तर भेटायला आला. खुर्चीवर बसला, खोलीभर बघितलं, मोटरबाई लवकर बऱ्या व्हा म्हणाला. मग हळूच सांगितलं की तिच्या मशीनवर नवी मुलगी बसवलीय, तात्पुरती. मावशी हसून म्हणाली, बसू दे, बसू दे, चांगलंच झालं. आणि माझ्या हाताखाली पोटरी दगड झाली. पाय असा दाबला की मला दोन्ही हात लावावे लागले. वर तोंड हसतंय आणि खाली पाय सुटलाय सुसाट. मी मास्तरला म्हटलं, चहा झालाय तुमचा, निघा आता. तो म्हणाला, पोरीला वळण लावा बाई. मी म्हटलं, तिला सध्या एकाच पायाला वळण लावायचंय, तुम्ही निघा.

तो गेल्यावर मी शिव्या देत होते. मावशीने माझा हात बाजूला केला आणि आपला ठेवला, पोटरीवर. डोळे मिटले. बराच वेळ काही झालं नाही. मग दगड हळूहळू सैल झाला. मी बघितलं, तिनेच केलं. डोळे न उघडता ती म्हणाली, "राग आलाय मला." हरवलेली किल्ली खिशातच सापडावी, तसं म्हणाली.

डॉक्टरकडे जायची सकाळ आली. सिस्टरने पट्टी सोडायला घेतली. मी भिंतीवरच्या डागाकडे बघत होते. पट्टीचा शेवटचा थर कोरडा निघाला. डॉक्टरने कडा दाबून बघितल्या, पुन्हा दाबल्या, दिवा जवळ घेतला. म्हणाला, करंगळी आजच काढू. आणि पाय? मी विचारलं. तो म्हणाला, "पाय आज राहू दे."

आज. त्यापुढचं मी विचारलं नाही.

करंगळी काढताना मला आत उभं राहू दिलं, कारण मी बाहेर जायला तयारच नव्हते. मावशीला पडदा लावला होता. तिला काही लागत नव्हतं, म्हणून ती मला म्हणाली, झालं की सांग. माझा हात तिच्या पोटरीवर होता. पोटरी लाकूड झाली होती. ती म्हणाली, तो घाबरलाय. मग म्हणाली, मी घाबरलेय. मी म्हटलं, मी पण. सिस्टरने आमच्याकडे एकदा बघितलं आणि परत कामाला लागली.

आता मी परत कामाला जाते. समोर नव्या मुलीची पाठ असते. वाईट शिवत नाही ती, वळणावर पाय हलका करते, पण मी तिच्याशी बोलत नाही. मावशी त्या मशीनवर परत बसणार नाही, हे डॉक्टरने सांगून टाकलंय. भोक अजून आहे. लहान झालंय, पण आहे. पुढच्या वेळी डॉक्टर काय म्हणेल या विचाराने माझी शिवण सुटते.

काल मी जेवणाच्या सुट्टीत घरी आले. दार लोटलेलं होतं. मावशी खाटेवर बसलेली, पाय उशीवर, हात पोटरीवर, डोळे मिटलेले. समोर मी सकाळी वाढून झाकलेलं ताट. मी हाक मारणार, तेवढ्यात तिने दुसरा हात वर केला.

"थांब. दाबायला निघालाय तो."

मी चपला हातात घेऊन दारातच थांबले. खाली गल्लीत कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, कारखान्याची घंटा व्हायला आली होती, आणि माझी सगळ्या अंगाची चुळबूळ चालली होती. तरी मी हलले नाही.

"थांबला," ती म्हणाली. मग डोळे उघडून म्हणाली, "भूक लागलीय मला."

कुणी न विचारता तिने ते स्वतःहून सांगितलं होतं. मी ताटावरचं झाकण काढलं.